सीझनचा भाव

उत्तराखंडातल्या औलीत चेअरलिफ्टच्या वरच्या टोकाशी चहाच्या टपऱ्या आहेत. निळी ताडपत्री, पाण्याचा पिंप, मॅगीच्या पिवळ्या पाकिटांची माळ, आणि हातात काहीतरी गरम धरायला मिळावं एवढ्यासाठी उभी असलेली माणसं. तिथे मी एक चहा घेतला आणि पन्नास रुपये दिले. आल्याचा, गोड, चांगला चहा होता. तक्रार काहीच नव्हती. तेवढ्यात स्कीचे बूट खडखडवत एक तिथलाच पोरगा आला, ‘भैजी’ म्हणून हाक मारून चहा घेतला, उभ्याउभ्या प्यायला, विसाची नोट बरणीखाली सरकवली आणि गेला. टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी नंदादेवीकडे पाहिलं.

तीस रुपयांचा फरक. समोर ७,८१६ मीटरचं शिखर स्वच्छ उन्हात उभं असताना तीस रुपयांचा विचार करत बसू नये, हे मलाही कळत होतं. पण संध्याकाळी खोलीवर पायमोजे वाळत घालताना तो हिशेब पुन्हा डोक्यात आला, आणि रात्री रजईत शिरल्यावरही. पैसे गेल्याचं वाईट वाटत नव्हतं. इंदूरला मॉलच्या पार्किंगमध्ये तेवढे पैसे न बघता देते मी. त्या माणसाने मला बघितल्याबरोबर माझा भाव ठरवला होता, आणि तो बरोबर ठरवला होता, हे काही पचत नव्हतं.

ही सहल ठरली तीच मुळात स्वस्त म्हणून. लेकीला स्की शिकायचं होतं. स्वित्झर्लंड वगैरे बोलायचंच काम नव्हतं, गुलमर्गचं विमान आणि हॉटेल जोडून तिने लॅपटॉप मिटला, आणि मग ऑफिसातल्या कुणीतरी औलीचं नाव काढलं. गढवाल मंडल विकास निगमाचे तिथे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, त्यात राहणं, जेवण, शिकवणं, बूट, स्की सगळं एकाच फीमध्ये. तो सहकारी कधीकाळी ते करून आला होता आणि त्याच्या वेळचे आकडे लेकीने मनात पक्के धरले होते. आमच्या नशिबात कोर्सची जागा नव्हती. मग खोली वेगळी, शिकवणारा वेगळा, सामान वेगळं, असं सुटं सुटं जमवावं लागलं, आणि प्रत्येक ठिकाणी लेक म्हणायची, “पण त्याने तर एवढेच दिले होते.” समोरचा माणूस ते ऐकून नुसता हसायचा. ज्या काळचे भाव ती सांगत होती, त्या काळात खालच्या जोशीमठहून औलीला जायला रोपवे होता.

रोपवे जानेवारी २०२३ पासून बंद आहे. गावातल्या घरांना तडे गेले, रस्ते खचले, त्याच दिवसांत तो थांबवला. चार किलोमीटरच्या आसपास लांबीचा तो रस्ता देवदारांच्या शेंड्यांवरून अधांतरी जायचा. आता त्याचे खांब तसेच उभे आहेत आणि आपण खालून टॅक्सीने वळणं मोजत जातो. बर्फ पडलं की टायरना साखळ्या बांधायच्या, साखळ्यांचे पैसे वेगळे. साखळीचा आवाज, डिझेलचा वास, काचेवर आतून साचलेली वाफ आणि पुढच्या सीटवरून येणारं “मॅडम, आज तो रोड बहुत खराब है” हे वाक्य. हे वाक्य भाडं सांगायच्या आधी येतं. इंदूरच्या रिक्षावाल्याला पाऊस दिसला की तोही असंच प्रस्तावनेने सुरू करतो, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आम्ही उतरलो होतो ते घर जोशीमठात होतं. मालकीणबाईंना सगळे बोडी म्हणायचे, म्हणून आम्हीही बोडी म्हणायला लागलो. बोडी म्हणजे मोठी काकू. साठीच्या, काटक, नाकात मोठी फुली, अंगावर पुरुषी स्वेटर. त्यांच्या घराच्या जिन्याशेजारी भिंतीत एक लांब तडा होता, सिमेंटने बुजवलेला आणि वरून रंग दिलेला. रंग जुळला नव्हता. खालच्या अंगाला एक घर रिकामं होतं, दारावर लाल रंगाची फुली अजून वाचता येईल एवढी ठळक. २०२३ मध्ये अशी शेकडो घरं तडकली. दोन मोठी हॉटेलं एकमेकांवर कलली म्हणून पाडावी लागली. गावकरी तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याकडे बोट दाखवत होते, प्रकल्पाची कंपनी एनटीपीसी नाही म्हणत होती, आणि दुकानांच्या शटरवर ‘एनटीपीसी गो बॅक’चे कागद लागले होते. हे सगळं आपण तेव्हा टीव्हीवर पाहिलंय. १९७६ सालीच मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं की हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, इथे जड बांधकाम करू नका. ते कुणी वाचलं असेल तर इतकी हॉटेलं कशी झाली, हे विचारायला मी कोण? मी त्यातल्याच एका मजल्यावर गरम पाण्याच्या बादलीची वाट बघत बसले होते.

बोडींनी खोलीचं भाडं सांगितलं तेव्हा लेकीने सवयीने “थोडं कमी…” असं सुरू केलं. बोडींनी राग धरला नाही, की स्वतःचं दुःखही सांगितलं नाही. मला वाटलं होतं सांगतील. मी त्याची मनातल्या मनात तयारीही केली होती, म्हणजे तडा, रोपवे, नुकसान असं काही निघालं की आपण लगेच “राहू द्या, राहू द्या” म्हणायचं. त्यांनी फक्त विचारलं, “सब्ज़ी ऋषिकेश से आती है. आपके यहाँ कहाँ से आती है?” आमच्याकडे भाजी चोइथराम मंडीतून येते, स्कूटरवर, वीस मिनिटांत. इथे ती अडीचशे किलोमीटर घाट चढून येते, दरड आली तर येतही नाही. लेकीने पैसे दिले. जेवायला गहताची डाळ होती, मंडव्याची, म्हणजे नाचणीची, काळसर भाकरी आणि पांढरं लोणी. त्या डाळीचा वास कुळथाच्या पिठल्याचा, अगदी आमच्या आजीच्या घरचा. मी दोनदा वाढून घेतलं आणि भाड्याचा विषय माझ्यापुरता मिटवला. लेकीपुरता तो मिटला नव्हता.

रोज रात्री चुलीपाशी गप्पा व्हायच्या आणि त्यातून गावातली मतं हळूहळू कळत गेली. ती एकसारखी नव्हती. रोपवे बंद झाल्याने बाजारवाले चिडलेले, कारण पूर्वी लोक रोपवेच्या नंबरासाठी खाली थांबायचे, जेवायचे, लोकरीच्या टोप्या घ्यायचे. आता गाडी थेट वर जाते आणि संध्याकाळी पीपलकोटीला मुक्कामाला उतरते. टॅक्सीवाल्यांचं मात्र बरं चाललंय, म्हणून बाजारवाले त्यांच्यावरही चिडलेले. बोडींचा पुतण्या स्कीचं सामान भाड्याने द्यायचा आणि शिकवायचाही. त्याचा राग रीलवाल्यांवर. “गमबूट लेते हैं, फोटो खींचते हैं, चिप्स का पैकेट वहीं, और पूछते हैं भैया इतना महँगा क्यों.” त्याने दर पुठ्ठ्यावर लिहून टांगले होते, म्हणजे बोलावंच लागू नये. वर्षातले चाळीस दिवस आपली कमाई, बाकी दिवस कर्जाचे, असं तो म्हणायचा. चाळीस हा आकडा त्याने असाच फेकला असेल, पण बर्फाचं काही खरं नाही हे आम्हीही बघत होतो. दक्षिणेकडच्या उतारावर जानेवारीतच गवत डोकावत होतं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी इथे कृत्रिम बर्फाची यंत्रं आणली, त्यांना पाणी पुरवायला डोंगरावर तळं बांधलं. ते तळं आज फोटो काढायची जागा आहे. बर्फ नाही म्हणून स्पर्धा पुढे ढकलणं किंवा रद्द करणं ही इथली नेहमीची बातमी झाली आहे, आणि प्रत्येक बातमीबरोबर कुणाच्या तरी वर्षाचं गणित कोसळतं. मग जे चार दिवस मिळतात त्यात टपरीवाला पन्नासचा चहा विकणार नाही तर काय करणार?

हे मी लेकीला म्हटलं. ती म्हणाली, “आई, मग त्या मुलाला वीसला का दिला?”

तिला उत्तर द्यायला मला घरची आठवण काढावी लागली. मात्र त्याआधी एक वेगळंच आठवलं, आणि ते इंदूरच्या माणसाला या रस्त्यावर आठवल्याशिवाय राहत नाही. बद्रीनाथच्या वाटेवर अहिल्याबाईंनी धर्मशाळा बांधल्या. महेश्वरला बसून, नर्मदेचं पाणी समोर ठेवून, हिमालयात कुणाला पाठ टेकायला जागा मिळेल याची व्यवस्था लावली. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली तेव्हा राजवाड्यावर इतकी रोषणाई होती की डोळे दिपले. माझ्या आजेसासूबाई बद्रीनाथला गेल्या त्याची कथा आमच्याकडे प्रत्येक लग्नात निघायची. डब्यात चिवडा आणि दाण्याचे लाडू, मुक्काम धर्मशाळेत, पैसे लागले ते फक्त दक्षिणेला. ती कथा ऐकत मोठं झालेल्या माणसाच्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की डोंगराने आपल्याला झोपायला जागा द्यायची असते, आणि ती जवळजवळ फुकट द्यायची असते. आपण यात्रेकरू राहिलो नाही, हे त्या मनाला अजून कुणी सांगितलेलं नाही. आपल्याला गीझर लागतो, चार्जिंगचा पॉइंट खाटेजवळ लागतो, खिडकीतून शिखर दिसावं लागतं, आणि भाव धर्मशाळेचा हवा असतो. अहिल्याबाईंनी पैसे त्यांच्या खाजगीतून, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या उत्पन्नातून, दिले होते. बोडींची कसली खाजगी!

आता घरचं. सराफ्यात आम्ही इंदूरची माणसं हल्ली जात नाही म्हटलं तरी चालेल. पाहुणे आले की जातो. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद, कढईतली जलेबी. लहानपणी बाबांच्या बोटाला धरून गेल्याची चव जिभेवर आहे, पण आता तिथे फोनचे दिवे इतके की तव्यापेक्षा जास्त उजेड त्यांचाच. खाऊ दाखवणारी पोरं आली, मग बाहेरगावची गर्दी आली, मग भाव आले. आमच्या ओळखीचा एक गराडूवाला आहे. तो मला बघतो, प्लेट भरतो आणि पुढच्या दिल्लीवाल्याला जे सांगतो त्यापेक्षा कमी पैसे घेतो. हे आजवर मला कधी खटकलं नाही. उलट ते मी पाहुण्यांना कौतुकाने दाखवते. लेकीला मी एवढंच म्हटलं, “गराडूवाला आठव.” तिने आठवला, पण मान्य काही केलं नाही. ती पुण्यात राहते, तिचा गराडूवाला नाही.

आणि उज्जैनची ताई. माझी सख्खी मोठी बहीण, फ्रीगंजला जुनं घर, वरच्या मजल्यावर तीन खोल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक, म्हणजे महाकाल मंदिराभोवतीचा नवा परिसर, खुलं झालं आणि त्या खोल्यांचं नशीब उघडलं. आधी त्यात भावजींची कायद्याची पुस्तकं आणि गव्हाच्या कोठ्या होत्या. आता पलंग, टीव्ही, पांढऱ्या चादरी. सकाळी पोहे, त्यावर रतलामी शेव, ताईच्या हातचे. श्रावणातल्या सोमवारी, नागपंचमीला, महाशिवरात्रीला भाव दुप्पट, कधी त्याहूनही वर. तिचं दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून मीच दिलं होतं. ‘विशेष पर्व’ असा मथळाही माझाच. एकदा नाशिकच्या एका जोडप्याने फोनवर, “अहो ताई, मराठी माणसाला तरी…” असं म्हटलं, तर ही म्हणाली, “मराठी माणसाच्या चादरी धुवायला पण साबण लागतो.” आम्ही यावर किती हसलो होतो! आता २०२८ चा सिंहस्थ समोर ठेवून तिने गच्चीवर आणखी दोन न्हाणीघरं काढायला घेतली आहेत. गवंडी म्हणतो सिमेंट महागलं, ताई म्हणते खोली महागेल, आणि मध्ये पिढ्यान् पिढ्या शिप्रेकाठी राहणारी माणसं म्हणतात की या गर्दीपायी आम्हालाच दर्शन मिळेनासं झालंय. ती माणसं ताईला नमस्कारही करतात आणि मागे नावंही ठेवतात.

जोशीमठात जे मी चुलीपाशी ऐकत होते ते मला नवीन वाटायला नको होतं. बाहेरचे लोक येऊन हॉटेलं भाड्याने चालवायला घेतात, आपली पोरं त्यात वेटर, हा राग तर मी उज्जैनमध्येही ऐकलाय. पहाडात तो जास्त खोल आहे, कारण तिथे जमीनच मुळात मूठभर. भू-कानूनासाठी लोक रस्त्यावर उतरले, २०२५ मध्ये सरकारने हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर सोडून बाकी जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन घ्यायला बंदी घातली, तरी बोडींच्या पुतण्याला त्यात फटी दिसतात. २०१९ च्या जूनमध्ये औलीच्या कुरणांवर एका धनाढ्य घराण्यातली लग्नं झाली, दोनशे कोटींची म्हणून गाजली, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि मागे राहिलेला कचरा उचलता उचलता नगरपालिकेच्या नाकी नऊ आले. त्याबद्दल मी जरा तावातावाने बोलायला लागले तर पुतण्या म्हणाला, “कुर्सियाँ मैंने भी ढोई थीं मैडम. पैसा अच्छा मिला था.” बोडींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून लाकडं आणायला गेला.

त्याच बोडींनी द्रोणागिरीची गोष्ट सांगितली. औलीतून ते शिखर समोर दिसतं. हनुमानाने संजीवनीसाठी उचललेला डोंगर तो हाच, म्हणून औलीत हनुमानाचं देऊळ आहे आणि प्रवासी तिथे घंटा वाजवतात. द्रोणागिरी गावात मात्र हनुमानाची पूजा होत नाही. आमचा डोंगर तोडून नेला म्हणून ते गाव अजून रुसलेलं आहे. लेक हसली, म्हणाली, “लक्ष्मणाचा जीव वाचला ना पण?” बोडी म्हणाल्या, “बच गया, अच्छा हुआ. पूछ के ले जाते.” त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या. त्रेतायुगातलं उधार असं चुलीपाशी मांडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

स्कीबद्दल लिहायचं राहूनच जातंय, आणि खरं म्हणजे त्याबद्दल माझ्याकडे फार काही नाही. लेक शिकली. पहिल्यांदा नुसतं पडायला शिकवतात, मग उठायला, मग आडवं उभं राहून एकेक पाऊल टाकत उतार चढायला. खाली यायला क्षण लागतो आणि वर जायला अर्धा तास, घाम येऊन आतला स्वेटर ओला. पुतण्या तिला ओरडून सांगायचा, “घुटने मोड़ो, सामने देखो, नीचे मत देखो!” मीही एकदा बूट घातले. दोन्ही पाय ओल्या गव्हाच्या पोत्यांत रोवून ठेवल्यासारखे झाले. टाचा बाहेर, टोकं आत अशी फाळासारखी स्की धरली की वेग मंदावतो, हे डोक्याला समजलं, गुडघ्यांना नाही. पण त्या काही हातांच्या उतारावर, बर्फ स्कीखाली करकरत असताना आणि गालांना वारा कापत असताना, पन्नाशी उलटलेल्या बाईच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती आनंदाचीच होती. पुतण्याने माझ्याकडून त्या तासाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाला, “आप तो घर के हो.” आता हे आणखी अवघड झालं. लेकीकडून पूर्ण दर, माझ्याकडून काही नाही. टपरीवरचा पन्नासाचा चहा मला परका करून गेला म्हणून मी रात्रभर तळमळले होते, आणि हा फुकटचा तास मला तेवढाच जड वाटला. परतताना त्याच्या दुकानातून लोकरीचे मोजे घेतले, पुठ्ठ्यावर लिहिलेल्या भावाने, एकदाही न विचारता. लेक म्हणाली, बाजारात स्वस्त मिळाले असते.

इंदूरला आल्यावर ताईचा फोन. प्रवासाचं सगळं ऐकून घेतलं, थंडी, बर्फ, लेकीचा सुजलेला घोटा. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “तिथे खोलीला काय घेतात गं?” मी आकडा सांगितला. “आणि नाश्ता?” नाश्ता धरून, म्हटलं. ताई थोडा वेळ गप्प होती. मी ओळखलं, गच्चीवरच्या न्हाणीघरांचा हिशेब नव्याने चाललाय. “बाई गं,” ती म्हणाली, “मग मी फारच कमी घेते.”

गेल्या आठवड्यात पुतण्याचा मेसेज आला. पुढच्या हिवाळ्याचे दर, खोलीचे आणि शिकवणीचे, दोन्ही वाढलेले. खाली हात जोडलेले आणि बर्फाचे चांदणीवाले इमोजी. लेकीने पुण्याहून मला तो पुढे पाठवला आणि लिहिलं, “जाऊ या का? या वेळी घासाघीस करायची नाही हं.” मी लगेच हो म्हटलं. मग पाच मिनिटांनी पुन्हा लिहिलं, “तेवढं नाश्ता धरून आहे का विचारून घे.”